मोहोळची गाय: किडनीच्या संसर्गात प्रतिजैविकांच्या जोड्या कशा तपासल्या आणि कोणती सोडून दिली

हे प्रशिक्षणासाठी मांडलेले नमुना प्रकरण आहे. गाय आणि तिचे आकडे अशा रुग्णांत जे दिसते त्यावरून जुळवले आहेत. तपासण्यांच्या पद्धती, मात्रा आणि निकष मात्र प्रत्यक्ष वापरातले आहेत.

रुग्ण

मोहोळ तालुका, एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तापमान ४२ अंशांच्या आसपास. एचएफ संकरित गाय, तिसरे वेत, विऊन पाच आठवडे झालेले. वार पडली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी हाताने ओढून काढली होती. तिसऱ्या आठवड्यात गाय पाठीची कमान करून उभी राहू लागली, शेपटी झटकू लागली, मागच्या पायाने पोटावर लाथ मारू लागली. घरच्यांना पोटशूळ वाटला आणि तसे औषधही झाले. मग लघवी थोडी थोडी, वारंवार, आणि शेवटच्या धारेला रक्ताच्या गाठी. दूध १४ लिटरवरून ८ वर आले.

आधीचे उपचार दोन टप्प्यांत झाले. पहिल्यांदा तीन दिवस एन्रोफ्लॉक्सासिन. लघवी निवळली, आठवड्याने पुन्हा लाल. दुसऱ्यांदा तीन दिवस प्रोकेन पेनिसिलिनची ४० लाख युनिटांची एक कुपी दिवसातून एकदा, आणि सोबत "जोर यावा म्हणून" ऑक्सिटेट्रासायक्लिन. तोच प्रकार. शेवटचे इंजेक्शन होऊन पाच दिवस झाल्यावर नमुना घेतला. हे सोयीचेच ठरले, कारण औषध चालू असताना घेतलेल्या लघवीतून बऱ्याचदा काहीच उगवत नाही आणि अहवालात "वाढ नाही" असे येते. मध्ये निदान दोन-तीन दिवसांचा खंड हवा.

तपासणीत ताप १०३.४ अंश फॅरनहाइट. गुदमार्गातून हात घातल्यावर निरोगी डावी किडनी द्राक्षाच्या घडासारखी लागते, प्रत्येक पाळी बोटाला वेगळी कळते. इथे त्या पाळ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या, किडनी फुगलेली होती आणि दाबताच गाय खाली बसू पाहत होती. डावी मूत्रनलिका बोटाएवढी जाड लागत होती. निरोगी गायीत ती सहसा हाताला लागतच नाही. उजवी किडनी हाताच्या टप्प्यात येत नाही, त्यामुळे ती ठीक आहे असे नुसत्या हाताने म्हणता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावेच लागते.

लाल लघवी म्हणजे किडनीच असे नाही

आपल्याकडे लाल लघवी दिसली की पहिला संशय गोचीडतापाचा, म्हणजे बबेसियाचा, आणि तो रास्तच आहे. ताज्या विलेल्या जनावरात फॉस्फरस कमी पडल्यानेही लघवी कॉफीसारखी होते. वेगळे ओळखायची सोपी रीत अशी: लघवी काचेच्या नळीत अर्धा तास उभी ठेवा. रक्तपेशी असतील तर तळाशी लाल थर बसतो आणि वरचे पाणी पिवळसर दिसते. सगळीच लघवी एकसारखी लाल-तपकिरी राहिली तर ते फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन. एक अडचण मात्र आहे: पातळ आणि फार अल्कधर्मी लघवीत रक्तपेशी नळीतच फुटतात. म्हणून ही तपासणी लघवी ताजी असतानाच, गोठ्यातच करावी.

या गायीत तळाशी लाल थर आणि त्यावर पांढरट पुवाचा पातळ थर बसला. पट्टीवर पीएच ९, प्रथिने आणि रक्त भरपूर. गायीची लघवी मुळातच अल्कधर्मी असते, साधारण ७.५ ते ८.५. त्यापलीकडे गेली तर युरिया फोडणाऱ्या जिवाणूचा संशय घ्यावा. रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०१२. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यायलेल्या गायीची लघवी घट्ट असायला हवी. ती इतकी पातळ येते म्हणजे किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद गेली आहे. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, २.६ मिग्रॅ प्रति डेसिलिटर निघाले. गायीत ते साधारण १ ते २ असते. पुढचा सगळा निर्णय या दोन आकड्यांवर फिरला.

नमुना

योनी कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसली. योनीखालची कातडी हलक्या हाताने वर-खाली चोळली की बहुतेक गायी एक-दोन मिनिटांत लघवी करतात. पहिली धार सोडून मधली धार ५० मिली निर्जंतुक डबीत घेतली. कॅथेटर शक्यतो टाळावा. गायीच्या मूत्रमार्गाच्या तोंडाखाली एक आंधळी पिशवी असते, कॅथेटर हटकून तिच्यात शिरतो. आणि तो नीट आत गेला तरी बाहेरची घाण मूत्राशयात ढकलतो. घालायचाच असेल तर एक बोट त्या पिशवीत ठेवून, बोटाच्या वरून सरकवावा.

डबी बर्फाच्या खोक्यात ठेवली आणि त्याच दिवशी सोलापूर शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवली. मोहोळहून सोलापूर फार लांब नाही, पण एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर राहिलेली लघवी जिवाणूंचे शेतच होते आणि मग मोजणीला काही अर्थ उरत नाही. थंड ठेवायची, पण गोठवायची नाही.

दुसरा जिवाणू कुठे लपला होता

पहिला अहवाल २४ तासांनी आला: ई. कोलाय, प्रति मिली एक लाखाहून जास्त. तेवढाच.

पण लघवीचा गाळ काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंग दिला होता, त्यात दोन तऱ्हेचे जिवाणू दिसत होते: गुलाबी दंडगोल, आणि जांभळे, एका टोकाला जाड, एकमेकांना समांतर लागून उभे राहिलेले दंडगोल. गुलाबी म्हणजे ई. कोलाय. जांभळे ठेवणीवरून कोरिनेबॅक्टेरियमसारखे. काचपट्टी आणि अहवाल जुळत नसतील तर अहवाल अपुरा समजावा. कोरिनेबॅक्टेरियम रेनाल गट हा गायीच्या किडनीच्या संसर्गाचा जुना, ठरलेला मानकरी. तो हळू वाढतो. २४ तासांत त्याच्या वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्याही नसतात आणि रक्त-अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या वाढीच्या माध्यमावर, ई. कोलाय त्यांच्यावरून पसरून जातो. तेव्हाच प्लेट टाकून दिली तर तो कुणालाच दिसत नाही.

उरलेला नमुना फ्रिजमध्ये होता. तो कोलिस्टिन आणि नॅलिडिक्सिक आम्ल घातलेल्या रक्त-अगारवर पुन्हा लावला. या माध्यमावर ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ग्रॅम रंगात गुलाबी दिसणारे जिवाणू दबून राहतात. ४८ तासांनी बारीक, पांढरट, अपारदर्शक वसाहती दिसल्या. कॅटॅलेज होकारार्थी, आणि युरियाचे माध्यम तासाभरातच गुलाबी झाले. पीएच ९ चे कारण सापडले.

आता "जोडी" या शब्दाखाली दोन वेगळे प्रश्न उभे राहिले. एक, दोन औषधे मिळून एकाच जिवाणूला जास्त मारतात का? दोन, एका जिवाणूसाठी दिलेले औषध दुसऱ्या जिवाणूच्या औषधाचा घात करते का? गोठ्यात दिल्या जाणाऱ्या बहुतेक जोड्या हे दोन्ही प्रश्न न विचारताच दिल्या जातात.

ई. कोलाय: चौकट-प्लेट

एकेकट्या औषधांचे निकाल आधी पाहू. अँपिसिलिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन: प्रतिरोधक. पहिल्या उपचाराला अपयश का आले, ते इथे कळते. सेफ्ट्रायॅक्सोनची एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, तीही प्रतिरोधक. सेफोटॅक्सिमच्या चकतीत क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिळवल्यावर वर्तुळाचा व्यास ५ मिमीहून जास्त वाढला, म्हणजे हा ईएसबीएल, म्हणजे पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन फोडणारे एन्झाइम, बनवणारा जिवाणू. जेंटामायसिन १, संवेदनशील. ट्रायमेथोप्रिम-सल्फा संवेदनशील.

चौकट-प्लेट म्हणजे दोन औषधांच्या चढत्या-उतरत्या मात्रा आडव्या-उभ्या मांडून एकत्र पाहण्याची चाचणी. ती अशी लावली. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये आडव्या १ ते १० रकान्यांत सेफ्ट्रायॅक्सोन २५६ पासून निम्मे-निम्मे करत ०.५ पर्यंत, ११ व्या रकान्यात शून्य. उभ्या सात ओळींत जेंटामायसिन ४ पासून ०.०६ पर्यंत, आठवीत शून्य. बारावा रकाना नियंत्रणासाठी: चार खाचांत फक्त जिवाणू, चार खाचांत नुसते माध्यम. प्रत्येक खाचेत दोन्ही औषधे चौपट तीव्रतेची २५-२५ मायक्रोलिटर आणि जिवाणूंचे द्रावण ५० मायक्रोलिटर, एकूण १००. माध्यम कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरवून घातलेले म्युलर-हिंटन. जिवाणूंचे द्रावण ०.५ मॅकफर्लंडच्या गढुळपणाचे करून त्यातले ०.१ मिली १४.९ मिली माध्यमात घातले. त्यामुळे खाचेत शेवटी प्रति मिली सुमारे ५ लाख जिवाणू पडतात. हे द्रावण १५ मिनिटांच्या आत वापरायचे. ३५ अंशांवर १६ ते २० तास.

मोजणी खरीच ५ लाख आहे का, हे पाहायला कंटाळा करू नये. फक्त जिवाणू असलेल्या खाचेतून लावल्या लावल्या १० मायक्रोलिटर घेऊन १० मिली सलाईनमध्ये मिसळायचे आणि त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरायचे. पन्नासेक वसाहती आल्या तर ठीक. दोन-तीनशे आल्या तर ती प्लेट बाद, कारण ईएसबीएल जिवाणू जास्त पडले की सेफ्ट्रायॅक्सोनची एमआयसी खोटी वर चढते.

सोलापूरच्या कोरड्या हवेत आणखी एक खोड निघते: इन्क्युबेटरमध्ये कडेच्या खाचा सुकतात, औषध घट्ट होते आणि कडेची ओळ बनावट "संवेदनशील" दिसते. प्लेट झाकणाच्या डब्यात ओल्या कापसासोबत ठेवली आणि चारपेक्षा जास्त प्लेट एकावर एक रचल्या नाहीत की हे टळते.

निकाल: सेफ्ट्रायॅक्सोन ८ आणि जेंटामायसिन ०.२५ एकत्र असताना वाढ थांबली. एफआयसी निर्देशांक म्हणजे प्रत्येक औषधाची जोडीतली मात्रा भागिले एकट्याची मात्रा, आणि दोन्हींची बेरीज. ८ भागिले ६४ म्हणजे ०.१२५, ०.२५ भागिले १ म्हणजे ०.२५, बेरीज ०.३७५. निकष असा: ०.५ किंवा कमी म्हणजे सहकार्य, ४ पेक्षा जास्त म्हणजे विरोध, मधले सगळे "परस्परपरिणाम नाही". मधला पट्टा इतका रुंद असण्याला कारण आहे. या पद्धतीत एका पायरीची चूक, म्हणजे दुप्पट किंवा निम्मे, ही नेहमीची गोष्ट आहे. ०.७५ ला "थोडे सहकार्य" म्हणणारे अहवाल त्या चुकीलाच निष्कर्ष समजतात. प्लेट तीनदा लावली आणि तिन्ही वेळा निर्देशांक ०.५ च्या आतच राहिला.

कागदावर छान जोडी, आणि तरी ती सोडून दिली. क्रिएटिनिन २.६ आणि लघवी १.०१२ असलेल्या गायीला जेंटामायसिन म्हणजे दुखऱ्या किडनीवरच घाव. हे औषध किडनीच्या नलिकांच्या पेशींत साठते आणि त्याच पेशी मारते. शिवाय त्याचे अवशेष तिथे महिनोन् महिने राहतात. अमेरिकेतल्या अवशेष-तज्ज्ञांची शिफारस जनावर १८ महिने कत्तलीला न देण्याची आहे. आणि तिसरे, निर्देशांक फक्त प्रमाण सांगतो. सहकार्याने खाली आलेली सेफ्ट्रायॅक्सोनची ८ ही पातळीदेखील माणसांसाठीच्या निकषांत प्रतिरोधकच मोडते. ती लघवीत सहज गाठली जाईल, किडनीच्या सुजलेल्या मांसात टिकून राहील याची खात्री नाही.

सेफ्ट्रायॅक्सोन-टॅझोबॅक्टमही तपासले. टॅझोबॅक्टम ४ वर स्थिर ठेवल्यावर एमआयसी ६४ वरून ०.२५ वर आली. याला एफआयसी लावू नये. टॅझोबॅक्टम स्वतः जिवाणू मारत नाही, तो एन्झाइम बंद पाडतो, त्यामुळे भागाकाराला त्याची "एकट्याची मात्रा" मिळतच नाही. ही जोडी चालली असती. पण सेफ्ट्रायॅक्सोनसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत माणसांसाठी सर्वोच्च प्राधान्याची आहेत, आणि जुने, संवेदनशील औषध हाताशी असताना तीन आठवडे हे वापरण्याचे कारण नव्हते. ते राखून ठेवले.

राहिले ट्रायमेथोप्रिम-सल्फा. ही जोडी कुपीत तयारच मिळते, म्हणून ती तपासायची असते हे विसरले जाते. ट्रायमेथोप्रिम एकटे ०.५, सल्फामेथॉक्साझोल एकटे ३२, दोन्ही मिळून ०.०६ आणि १.२, निर्देशांक ०.१६. म्हणजे दोन्ही घटक काम करत होते. सल्फा एकटे ५१२ च्याही वर गेले असते तर एकूण निकाल "संवेदनशील" आला असता, पण प्रत्यक्षात एकट्या ट्रायमेथोप्रिमवरच भिस्त राहिली असती, आणि तीन आठवड्यांच्या कोर्समध्ये प्रतिरोध उगवायला तेवढी फट पुरते.

कोरिनेबॅक्टेरियम: मारण्याची वक्ररेषा

पेनिसिलिनची एमआयसी ०.०६, उत्तम. मग दुसरा उपचार का फसला? पेनिसिलिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन यांची चौकट-प्लेट लावली तर निर्देशांक १ आला: "परस्परपरिणाम नाही". इथे थांबले असते तर ऑक्सिटेट्रासायक्लिन निर्दोष सुटले असते. पण चौकट-प्लेट वाढ थांबली का एवढेच विचारते. जिवाणू मेले का, हे विचारत नाही. पेनिसिलिन वाढणाऱ्या जिवाणूचीच भिंत फोडते आणि टेट्रासायक्लिन वाढच थांबवते. थांबलेल्या जिवाणूला पेनिसिलिन काही करत नाही. दोन्ही खाचा स्वच्छच दिसतात.

म्हणून वेळेनुसार मोजणी. १० मिलीच्या नळ्या, सुरुवातीला प्रति मिली ५ लाख, म्हणजे ५.७ लॉग (लॉग म्हणजे दहाचा घात; एक लॉग घटला की जिवाणू दहापटीने कमी). ०, २, ४, ८ आणि २४ तासांनी नमुना काढून दहापटीने पातळ करत प्लेटवर मोजायचे. पेनिसिलिन एकटे ०.२५: २४ तासांनी २.४ लॉग. म्हणजे ३ लॉगहून जास्त घट, ९९.९ टक्क्यांच्या वर मृत्यू. ऑक्सिटेट्रासायक्लिन एकटे २: ५.५. दोन्ही एकत्र: ५.१. जोर यावा म्हणून दिलेल्या औषधाने पेनिसिलिनचा जोरच काढून घेतला होता.

पेनिसिलिन आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा एकत्र: २.६. पेनिसिलिनचे काही बिघडले नाही. एवढेच जाणून घ्यायचे होते.

या चाचणीत दोन ठिकाणी फसगत होते. नमुन्यासोबत औषध प्लेटवर गेले तर जिवाणू तिथे मरतात आणि नळीत मेल्यासारखे दिसतात. पेनिसिलिनच्या नळ्यांसाठी नमुना धुऊन किंवा पेनिसिलिनेज, म्हणजे पेनिसिलिन फोडणारा एन्झाइम, घालून लावावा. दुसरी माध्यमातली. कोरिनेबॅक्टेरियमला रक्त लागते, आणि इकडे सहज मिळते ते मेंढीचे. मेंढीच्या रक्तात थायमिडिन (जिवाणूच्या डीएनएला लागणारा घटक, तो तयार होणेच ट्रायमेथोप्रिम-सल्फा अडवते) शिल्लक राहते, जिवाणू ते थेट वापरतो आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा निकामी ठरते. घोड्याच्या रक्तात थायमिडिन फोडणारा एन्झाइम असतो. म्हणून फोडलेले घोड्याचेच रक्त, २.५ ते ५ टक्के.

उपचार

वजन अंदाजाने धरले नाही. छातीचा घेर ६८ इंच, लांबी ५७ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ३०० म्हणजे ८७९ पौंड, जवळपास ४०० किलो.

प्रोकेन पेनिसिलिन किलोला २२,००० युनिट, दर १२ तासांनी, मांसात: एका वेळी ८८ लाख, दिवसाला १७६ लाख. आधी दिवसाला ४० लाख मिळत होते, चौथाईहूनही कमी. ऑक्सिटेट्रासायक्लिन नसते तरी तो उपचार तोकडाच होता. ट्रायमेथोप्रिम-सल्फा दोन्ही मिळून किलोला १६ मिग्रॅ, दर १२ तासांनी. २४० मिग्रॅ प्रति मिलीच्या द्रावणाचे २७ मिली. तोंडाने देऊन उपयोग नाही. ट्रायमेथोप्रिम रोमंथिकेतच, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातच, वाया जाते. दोन्ही औषधे एका सिरिंजमध्ये मिसळायची नाहीत, मान आणि मांडीच्या जागा आलटून-पालटून आणि विभागून. मुदत २१ दिवस.

शेतकऱ्याला पटवण्याची खरी गोष्ट ही मुदतच. पाचव्या दिवशी लघवी निवळली, गाय वैरणीवर तुटून पडली आणि घरात "आता बस" सुरू झाले. सातव्या दिवशीच्या नमुन्यात ई. कोलाय नव्हता, पण कोरिनेबॅक्टेरियमच्या काही वसाहती होत्या. तो अहवाल दाखवल्यावर इंजेक्शने चालू राहिली.

पाणी सावलीत, दिवसभर समोर. सल्फा चालू असताना लघवी घट्ट झाली तर किडनीत खडे धरतात. लघवी आम्लधर्मी करण्याची औषधे याच कारणाने दिली नाहीत. सल्फा अल्कधर्मी लघवीतच नीट विरघळते. उसाचे वाढे कमी करून कडबा वाढवला, कारण वाढ्यांत ऑक्झलेट असते. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम एकदाच, किलोला ०.५ मिग्रॅ, आणि तेही पाणी पाजून झाल्यावर. या गटातले रोज दिलेले कोणतेही वेदनाशामक अशा किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करते.

दूध संपूर्ण काळ वेगळे काढून टाकले, वासरालाही दिले नाही. लेबलवर दुधाची मुदत छापलेली नसेल तर भारतातल्या नियमानुसार शेवटच्या इंजेक्शननंतर किमान ७ दिवस धरायचे. मात्रा आणि मुदत लेबलबाहेरची असल्याने त्यानंतरही अवशेषांची चाचणी करूनच दूध संकलन केंद्रावर पाठवले. म्हणजे चार आठवड्यांचे दूध गेले. हा हिशेब उपचार सुरू करण्याआधी घरच्यांसमोर मांडावा लागतो.

पुढे

क्रिएटिनिन सातव्या दिवशी २.०, एकविसाव्या दिवशी १.५. कोर्स संपल्यावर ७ आणि २८ दिवसांनी लघवी पुन्हा लावली, दरवेळी ४८ तास आणि निवडक माध्यमावर; दोन्ही वेळा वाढ नाही. डाव्या किडनीच्या पाळ्या पुन्हा लागू लागल्या, मागच्या टोकाकडे मात्र एक भाग आकसलेलाच राहिला. दूध ११ लिटरवर स्थिरावले.

शेजारच्या दोन गायींची लघवीही तपासली, कारण कोरिनेबॅक्टेरियम लघवीच्या शिंतोड्यांतून शेजारणीकडे जातो आणि काही गायी आजारी न दिसता तो बाळगतात. एकीत तो निघाला, पण पू नाही, रक्त नाही. तिला औषध दिले नाही, शेवटच्या खुंट्यावर हलवले आणि गायींमागची नाली उताराची करून घेतली.

क्रिएटिनिन पहिल्या आठवड्यात खाली आले नसते, किंवा सातव्या दिवशी ई. कोलाय तसाच निघाला असता, तर राखून ठेवलेल्या सेफ्ट्रायॅक्सोन-टॅझोबॅक्टमचा विचार झाला असता. क्रिएटिनिन वाढतच गेले असते, तर दोन्ही किडन्या गेल्याचे धरून औषधांचा खर्च तिथेच थांबवायचा असे आधीच ठरले होते.